तुझ्या नावाचे बटण

नाशिक, ११ डिसेंबर

चि. सौ. स्वरदा,

ज्या भगिनीपतीचा क्रमांक तू आपल्या भ्रमणध्वनीत निषिद्ध ठरविला आहेस, त्याचे आशीर्वाद टपालमार्गे स्वीकारावेत. पोस्टमनला 'ब्लॉक' करण्याची विद्या अद्याप कोणास अवगत झालेली नाही, हे माझे भाग्य आणि तुझे दुर्दैव.

प्रथम कुशल. तुझी ताई बरी आहे. म्हणजे चालते, भिंतीच्या आधाराने. जेवते, डाव्या हाताने. आणि समजते सर्व, पूर्वीपेक्षा किंचित जास्तच. फक्त बोलत नाही. दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी मेंदूतील ज्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तिच्यावर नेमका वाणीचा पाणीपुरवठा अवलंबून होता. डॉक्टर या अवस्थेला अफेजिया म्हणतात, मी वाचाघात म्हणतो, आणि आमच्या स्वयंपाकाच्या नवसाबाई म्हणतात, "ताईंचं बोलणं आत अडकलंय, निघंल हळूहळू." तिन्ही निदानांपैकी तिसरे मला अधिक शास्त्रशुद्ध वाटते.

हे सर्व तुला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. तू नवसाबाईंना फोन करून ताईची प्रकृती विचारतेस आणि 'सरांना सांगू नका' अशी शपथ घालतेस. बाईंनी शपथ निष्ठेने पाळली. हातातली पोळी आधी तव्यावर टाकली, मग सांगितले.

आता प्रस्तुत विषय. मी उतारवयात विद्यार्थिदशेत पुनःप्रवेश केला आहे. ज्याने आयुष्यभर महाविद्यालयात संस्कृत शिकवून अनेक पिढ्यांची अपुरी झोप पूर्ण केली, तो मनुष्य आता शनिवार-रविवारी कॉलेज रोडवरील एका संगणकवर्गात मागच्या बाकावर बसून वेब पेज रचण्याचे प्राथमिक शिक्षण घेतो. माझ्या शेजारी माझेच दोन माजी विद्यार्थी बसतात. त्यांच्या मुद्रेवरील समाधान पाहून परमेश्वर न्यायी असल्याची खात्री पटते.

हे पान ताईसाठी आहे. त्यावर मोठी बटणे असावीत, बटणावर बोट ठेवताच शब्द उच्चारला जावा: पाणी, चहा, दुखतंय, नको. अशी तयार ॲप्स मिळतात, त्यांपैकी एक मी आणलेही होते. त्यातील यंत्रस्त्री "मला पानी पाहिजे आहे" असे अशा काही स्वरात म्हणाली, की ताईने टॅब उचलून पालथा ठेवला. तेव्हा मी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण केले. "मला जलपानाची इच्छा झाली आहे." ताईने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन सभ्य वाङ्मयात आढळत नाही. एखाद्या स्त्रीने आपली तहान नवऱ्याच्या आवाजात का सांगावी, हा तिचा प्रश्न बिनतोड होता. आणि तो तिने एकही शब्द न वापरता विचारला.

मग तिचाच आवाज शोधला. माझ्या फोनात तिचे काही ध्वनिसंदेश आहेत. आमच्या सहजीवनाचे सार त्यांत एकवटले आहे. "कुठे आहात?" "येताना कोथिंबीर आणा." "उचलायचा नसेल तर फोन बाळगता कशाला?" यांत पाणी नाही, दुखणे नाही, नकार नाही. जे शब्द माणसे समोरासमोर बोलतात, ते यंत्रात साठत नाहीत.

म्हणून हे पत्र. तुम्हा बहिणींचा आवाज एकच आहे. साखरपुड्यानंतर मी तुमच्या घरी फोन करी आणि ताई समजून बराच वेळ तुझ्याशी बोलत असे. तूही शिष्टाचार म्हणून मध्ये थांबवीत नसस. सोबत काही शब्द लिहून पाठवीत आहे. ते तुझ्या आवाजात मुद्रित करून ई-मेलने धाडावेस, एवढेच मागणे. तुला लिहितो आहे हे ताईला सांगितलेले नाही. विचारले असते तर ती काय म्हणाली असती, हे कळण्यास आज मार्ग नाही. तो मार्ग काढण्यासाठीच हा सारा खटाटोप.

सोमनाथरावांस नमस्कार. नांदगावहून मनमाडला रोज येणे-जाणे करणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याला वेगळे आशीर्वाद लागत नाहीत, गाडी वेळेवर लागते.

शामसुंदर


नाशिक, २९ डिसेंबर

चि. सौ. स्वरदा,

तुझे उत्तर आले नाही. दोष टपालखात्याचा असावा असे मानण्याइतका उदारपणा माझ्यापाशी आहे.

दरम्यान येथे एक आध्यात्मिक दुर्घटना घडली. ती तुला कळणे आवश्यक आहे.

तीन बटणांचे पहिले पान सिद्ध झाले. शब्द ताईचेच होते, मागील पत्रात उल्लेखिलेले. संगणकशास्त्रात बटणावर बोट पडण्याला 'क्लिक इव्हेंट' म्हणतात. घटना घडते, परंतु तिच्याकडे कान देऊन बसणाऱ्या चार ओळी आपण लिहून ठेवाव्या लागतात. अन्यथा ती अरण्यातील हाकेसारखी विरून जाते. मी ओळी लिहिल्या, तपासल्या, आणि टॅब ताईपुढे ठेवला.

तिने उजव्या हाताची तर्जनी उचलली. हा हात अजून पूर्ण तिच्या आज्ञेत नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज त्याच हाताने काम करा म्हणून बजावतात. बोट बटणावर पडले. काही झाले नाही. तिने पुन्हा दाबले, जोर लावून. काही झाले नाही. मग तिने डाव्या हाताने उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि वरून शाल ओढून घेतली.

मी म्हणालो, "अगं, दोष पानाचा आहे, तुझ्या बोटाचा नाही." तिने माझ्याकडे पाहिले. आजाऱ्याची समजूत काढणारे पुष्कळ लोक तिने अलीकडे पाहिले आहेत. त्यानंतर ती टॅबला शिवेना. व्यायामाच्या बाई आल्या की हातही देईना. जे पान तिला बोलते करण्यासाठी रचले, त्याने तिचा हातही मुका केला, असा माझ्या विद्वत्तेचा निष्कर्ष निघू लागला.

वर्गात आमच्या गुरू रोशनी मॅडम आहेत. पेठ तालुक्याकडच्या, माझ्या निम्म्या वयाच्या, आणि मला पाहून कधीही न दबणाऱ्या. त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले.

"सर, कन्सोल उघडून बघितलं का? लाल अक्षरात काय येतंय?"

"लाल अक्षरे मी आजवर इतरांच्या उत्तरपत्रिकांवर पाहिली आहेत."

"मग आता सोताची बघा. लाल आलं का घाबरायचं नाय. वाचायचं."

घरी जेवणाच्या टेबलावर संगणक उघडला. ताई शेजारी बसली होती, शालीसह. कन्सोल नामक यंत्राच्या तक्रारवहीत लाल रंगात इंग्रजीची एक ओळ उमटली होती. मी चष्मा सारखा करून तिचा अन्वय लावू लागलो. प्रथम कर्ता शोधावा, मग क्रियापद, हा माझा जुना क्रम. तेवढ्यात शालीतून हात बाहेर आला. उजवाच. तर्जनी हळूहळू पडद्याकडे गेली आणि त्या सगळ्या इंग्रजीत देवनागरीचे जे एकच चिन्ह होते, त्यावर टेकली.

श्री.

यंत्राचे म्हणणे असे होते, की 'श्री' म्हणजे काय हे कोणीही मला सांगितलेले नाही.

आता तुला ठाऊक आहे, आमच्या कुळात माथ्यावर श्री लिहिल्याखेरीज कोणी किराण्याची यादीसुद्धा करीत नाही. माझा रजेचा अर्जही श्रीने सुरू होई आणि प्राचार्य तो श्रीसकट नामंजूर करीत. त्याच अभ्यासाने मी आज्ञांच्या फाइलचा आरंभ श्रीने केला होता. यंत्राला वाटले, हे कोणा पूर्वपरिचित वस्तूचे नाव असावे. त्याने शोध घेतला, श्री कोठेही सापडेना, तेव्हा ते तिथेच थबकले आणि पुढील एकही ओळ न वाचता निवृत्त झाले. ज्या तत्त्वाचा शोध घेताना भलेभले मौनात गेले, त्याच्यापाशी एका टॅबचे मौनात जाणे मी समजू शकतो. परंतु माझी बायको आपला हात निकामी समजून बसली होती.

रोशनी मॅडमना फोन लावला. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "देवाला काढू नका, सर. पुढं दोन तिरप्या रेघा द्या. मग ती ओळ मशीन वाचत नाय. ज्याला वाचायची तो वाचतो."

दोन तिरप्या रेघा दिल्या. ताईने बोट ठेवले. आणि दसऱ्यानंतर प्रथमच आमच्या घरात तिचा आवाज झाला, स्पष्ट, खणखणीत, थोडा वैतागलेला: "येताना कोथिंबीर आणा."

ती दचकली. मग तिने पुन्हा दाबले. पुन्हा. स्वयंपाकघरातून नवसाबाई ओरडल्या, "अहो ताई, आहे की कोथिंबीर, सकाळीच निवडली." आणि मग त्यांच्याही ध्यानात आले. त्या हातात झारा तसाच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

ताई शालीत हात घालीत नाही आता. एवढे कळवितो. ते शब्द सवडीने पाठव.

शामसुंदर


नाशिक, २२ जानेवारी

चि. सौ. स्वरदा,

तुझ्या मौनाची मला आता सवय होऊ लागली आहे. या घरात त्याची भर पडल्याने फारसे बिघडत नाही.

येथे कोथिंबिरीचे साम्राज्य आहे. तीन बटणांत ताईला तेच एक कामाचे वाटते. तहान लागली की कोथिंबीर. शाल हवी असली की कोथिंबीर. मी अकारण बोलत राहिलो की कोथिंबीर, दोनदा. नवसाबाई वड्या करून थकल्या. मजल्यावरील चारही घरांना वाटून झाल्या. आम्ही हसतो. ताईही ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हसते.

परंतु गेल्या मंगळवारी ती दुपारी एकसारखी दाबू लागली. कोथिंबीर, कोथिंबीर, कोथिंबीर. मी आणि बाई स्वयंपाकघरात. आम्हाला विनोद वाटला. जाऊन पाहतो तो ती खुर्चीत एका अंगावर घसरलेली, उजवा हात पाठीमागे मुडपलेला, आणि डोळ्यांत पाणी. त्या बटणातून ती "दुखतंय" म्हणत होती. ऐकणाऱ्याला भाजी ऐकू येत होती.

यावर मला कोणताही अलंकार सुचला नाही. तुला शब्द का मागतो आहे, याचे यापेक्षा चांगले स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही.

शब्द यायचे असले, तरी पान मात्र विस्तारले आहे. आता बाहेर एक पान आहे, त्यावर दालनांची नावे: खाणेपिणे, दुखणे, माणसे, वेळ. आणि मध्ये एक चौकट, जिच्यात निवडलेल्या दालनाचे पान उघडते. या चौकटीस आय-फ्रेम म्हणतात. मी तिला गवाक्ष म्हणू लागलो, तर रोशनी मॅडम म्हणाल्या, "म्हणा काय म्हणायचं ते. पण ध्यानात ठेवा, ही दुसऱ्याच्या घराची खिडकी. पलीकडचं दिसतं, पण आत काय दाबलं ते बाहेरच्याला कळत नाय."

हे मला अनुभवाने कळले. कोणतेही बटण दाबले की बाहेरच्या पानावर घंटा वाजावी, म्हणजे मी जेथे असेन तेथून येईन, अशी योजना होती. आत ताई दाबत राहिली, बाहेरचे पान ढिम्म. दोन्ही पाने एकाच पडद्यावर, एकमेकांना चिकटून, आणि आतल्या स्पर्शाची बाहेर वार्ता नाही. उपाय असा, की आतील पानाने मुद्दाम निरोप धाडावा आणि बाहेरील पानाने त्या निरोपासाठी कान उघडे ठेवावेत. दोहोंपैकी एकानेच केले तर उपयोग शून्य. मी दोन्हीकडे ओळी लिहिल्या. घंटा वाजते.

दुसरी गंमत. आतल्या पानावर मी 'घरी' असा दुवा दिला होता, मुख्य पानावर परत नेणारा. ताईने तो दाबला. आणि चौकटीच्या आत सबंध मुख्य पान उघडले, त्याच्या मध्ये पुन्हा चौकट. दुवा कोठे उघडावा हे न सांगितल्यास तो आपल्याच चौकटीत उघडतो, हा नियम मी वहीत उतरवून विसरलो होतो. ताईने आतल्या चौकटीत शिरून पुन्हा 'घरी' दाबले. घरात घर, त्यात आणखी घर, प्रत्येक आधीच्याहून लहान; शेवटचे तर पोस्टाच्या तिकिटाएवढे. ती माझ्याकडे पाहून हसली. कोपऱ्यातून नव्हे, आवाज करून, खांदे हलवून, पूर्वी मी सभेत भाषण करून परतल्यावर हसे तशी. ती चूक मी चार दिवस दुरुस्त केली नाही.

आता जे लिहायचे टाळत होतो ते. आईंच्या तेराव्याला ताई तुला सर्वांदेखत म्हणाली, "आईला बघायला पाहुणीसारखी येत होतीस, आता पाहुणीसारखी जेवून जा." तू पान वाढलेले सोडून निघालीस. न्यायनिवाडा करण्याचा मला अधिकार नाही. आई आमच्या घरी होत्या म्हणून ताई दमली होती आणि तुझ्या घरी नव्हत्या म्हणून तू. ते वाक्य मागे घ्यायला तिला चार वर्षे होती. तिने घेतले नाही. आता घ्यावेसे वाटले, तरी साधन उरलेले नाही.

तुला पाठविलेल्या शब्दांत 'माझं चुकलं' हे शब्द नाहीत, हे तू पाहिलेच असशील. तुझ्याच आवाजात तुझीच क्षमा मागविणे हा कपटव्यवहार ठरला असता. मी पाणी, चहा आणि दुखणे यांपलीकडे काही मागत नाही.

शामसुंदर


नाशिक, ५ फेब्रुवारी

चि. सौ. स्वरदा,

पावती देतो. शब्द पोहोचले. सोबतचा मजकूरही पोहोचला, आणि तो मी नवसाबाईंना वाचून दाखविला, कारण माझी एवढी यथार्थ समीक्षा आजवर कोणी केली नव्हती. "भाऊजी, तुमच्या यादीतले शब्द कोणी माणूस बोलत नाही. 'मला विश्रांती घ्यावीशी वाटते' असं ताई जन्मात म्हणालेली नाही. ती 'पडते जरा' म्हणते. मला माहीत आहे तसं मी बोलले आहे." नवसाबाई म्हणाल्या, "बराबर हाय त्यांचं."

तर ताईपुढे टॅब ठेवला. पहिला शब्द पाणी. सर्व जगाला हा आवाज तुझ्या ताईचा, माझ्या गोदावरीचाच वाटेल. तो तिचा नाही हे ओळखू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिने तत्क्षणी ओळखले. तिने पाणी मागितले नाही. टॅब उचलून कानाशी धरला आणि पुन्हा दाबले. मग दालनामागून दालन. "चहा टाक." "नको." "इथे दुखतंय." "पडते जरा." "पुरे हो तुमचं." हे शेवटचे मी लिहून पाठविलेले नव्हते. तू स्वयंस्फूर्तीने घातलेस, आणि त्याचा वापर सर्वाधिक होतो.

चहा जेवढा हवा तेवढाच येतो आता. परवा तिने मला सांगितले, कोणत्या खांद्यात दुखते. व्यायामाच्या बाईंनी पद्धत बदलली. लिहिण्यासारखे यात काही विशेष नाही. घडण्यासारखे पुष्कळ आहे.

शेवटी ती माणसांच्या दालनात आली. माझे चित्र, नवसाबाईंचे, डॉक्टरांचे. आणि तुझे, तू शिकवितेस त्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपकापुढे उभी आहेस ते. तिने तुझ्या चित्रावर बोट ठेवले. आवाज आला नाही. तिला वाटू नये की बोटाचा दोष आहे, म्हणून मी तुझे वाक्य वाचून दाखविले: "माझ्या नावाने मीच मला हाक मारणार नाही. तिला मारायची असेल, तर तिची तिने मारावी."

ताईने मान हलविली. रागाने नव्हे. दुकानदाराने रास्त भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक हलविते तशी.

ते बटण काढून टाकू का, असे मी विचारले. "नको," ती तुझ्या आवाजात म्हणाली.

तेव्हापासून ती रोज ते दाबते. चहा झाल्यावर, साधारण तुझी शाळा सुटते त्या सुमारास. ओठ हलतात. आवाज येत नाही, ना तिचा, ना टॅबचा. मी समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसतो. वाचत नाही.

मग मला सुचले, की ज्या बटणाला आवाज देता येत नाही त्याला वाट देता येते. दुवा नेहमी पानाकडेच न्यावा असे नाही. पत्त्याच्या जागी दूरध्वनी क्रमांक लिहिला, की टॅब पान मागे सोडून थेट फोन लावतो. तुझ्या नावाच्या बटणामागे आता तुझा क्रमांक आहे. टॅबमध्ये सिमकार्ड ताईचेच आहे, आणि तोही क्रमांक तुझ्याकडे निषिद्ध वर्गात आहे, हे मी जाणतो. दुसरे कार्ड आणून तुला अनोळखी क्रमांकावरून गाठणे सोपे होते. ताईला विचारले. ती म्हणाली, "पुरे हो तुमचं."

म्हणून कळवून ठेवतो.

शामसुंदर


नाशिक, १७ फेब्रुवारी

चि. सौ. स्वरदा,

आज अलंकारांना रजा.

ती रोज दाबते. अर्धी घंटी जाते आणि तुटते. ती टॅब खाली ठेवते, व्यायामाला बसते. तक्रार करीत नाही. 'दुखतंय' दाबत नाही. काल व्यायामाच्या बाईंनी विचारले, बहिणीचा नंबर बंद आहे का. मी म्हणालो, बहीण कामात असते.

तू शब्द दिलेस, तेवढ्याने हे घर चालते आहे. त्यापुढे मागण्याचा माझा हक्क संपला, म्हणून मागत नाही. ती वाट तुझ्या बाजूने बंद आहे आणि तुझ्याच बाजूने उघडते, इतकेच लिहितो.

शामसुंदर


नाशिक, २६ फेब्रुवारी

चि. सौ. स्वरदा,

काल तू फोनवर ऐकलेस; पाहिले नाहीस. जे पाहता आले नाही ते कळविणे हे माझे कर्तव्य आहे, आणि कर्तव्यात मी कधी संक्षेप करीत नाही.

चहा झाला होता. ताईने रोजच्याप्रमाणे बोट ठेवले आणि घंटी तुटण्याची वाट पाहू लागली. ती तुटली नाही. दुसरी गेली. ताईने तव्याला लागल्यासारखा हात मागे घेतला. मी वर्तमानपत्र पाडले. तू म्हणालीस, "हॅलो."

स्वयंपाकघरातून नवसाबाई म्हणाल्या, "आले आले, ताई." तुझा आवाज दिवसभर घरात असतो, त्यांचा काय दोष. ते तुला ऐकू गेले असावे, कारण तू किंचित हसलीस. मग म्हणालीस, "ताई?"

येथे माझ्या रचनेतील मूलभूत दोष उघड झाला. फोन लागताच टॅबवरील पान नाहीसे होते. दालने, बटणे, तुझे सर्व शब्द, सगळे मागे पडले. पडद्यावर केवळ तुझे नाव आणि तांबडे वर्तुळ. म्हणजे ज्या क्षणी बोलण्याची गरज, नेमक्या त्या क्षणी मी तिचा एकूण एक शब्द काढून घेतला होता. ताईने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी पान परत आणण्यास पुढे वाकलो. तिने माझा हात बाजूला सारला. उजव्या हाताने, त्यात चांगला जोर होता.

आणि तू बोलू लागलीस. काही विचारले नाहीस, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. शाळेतून निघतेयस, आठवीच्या मुलींनी फळ्यावर तुझे चित्र काढले, नाक फार लांब काढले. नांदगावला पाणी दिवसाआड येते. सोमनाथरावांची रात्रपाळी सुटली. ताई पुढे झुकून ऐकत होती, दोन्ही हात टॅबच्या दोन्ही अंगांना, पाण्याने भरलेले पातेले धरावे तसे. मी श्वास अशा पद्धतीने घेत होतो की तो ऐकू जाऊ नये. मला ओळखणारे लोक या संयमाची किंमत जाणतील.

मग तू मध्येच थांबलीस. "ऐकतेयस ना?"

ताई म्हणाली, "हं."

घशातून निघालेला, जाडसर, परंतु पूर्ण. टॅबमधला नव्हे. तू तो ऐकलास आणि पुढे बोलत राहिलीस, जणू विशेष काही घडले नाही. मला वाटते तू ते जाणूनबुजून केलेस. मी कडेला बसून चष्मा पुसत होतो. नवसाबाईंनी झारा ओट्यावर ठेवला.

त्यानंतर तिने तुला योग्य त्या जागी 'हं' दिला. एक होकाराचा, एक पाण्याच्या चिंतेचा. सोमनाथरावांनी स्वतः वांग्याची भाजी केली असे तू म्हणालीस, तेव्हाचा निखालस अविश्वासाचा होता; स्वर कसा वर गेला ते तूही ऐकलेस. दोन बहिणी फोनवर बोलतात तेव्हा एक बोलते आणि दुसरी 'हं' म्हणते, यालाच संभाषण म्हणतात. यादी करताना मी पन्नास नामे आणि क्रियापदे गोळा केली. हे अक्षर मला सुचले नव्हते.

तिने तुझे नाव उच्चारलेले नाही. तुझी अट मला स्मरते. परंतु फोन ठेवल्यावर ओठांची हालचाल पूर्वीपेक्षा निश्चित दिसली, आणि डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढच्या आठवड्यात बोलणे शिकविणाऱ्या बाईंना भेटा म्हणाले. त्या बाई आधी कोठे होत्या, हे मी विचारणार होतो. ताईने तुझ्या आवाजात मला थांबविले. कसे, ते तुला माहीत आहे.

फोन संपल्यावर पान परत आले. तुझ्या चित्राशी ती क्षणभर थांबली, मग वेळेच्या दालनात गेली. सकाळ, दुपार, आज, यांवरून बोट शांतपणे पुढे नेले आणि एका बटणावर ठेवले.

"उद्या," तू म्हणालीस.

मी विचारले, "उद्या काय?" मंदबुद्धी विद्यार्थ्यासाठी शिक्षकाने पुन्हा सांगावे, तसे तिने पुन्हा दाबले.

टपालाचा वेग पाहता हे पत्र तुझ्या हाती पडेल, तोवर ते उद्या होऊन गेलेले असेल आणि तिने पुढचे मागितलेले असेल.

शामसुंदर